व्याह्यांना दाखवलेले कोल्हापूर

कोल्हापूरचे नाव निघाले की परगावच्या माणसाच्या मनात तीन-चार गोष्टी हमखास उभ्या राहतात. तांबडा-पांढरा रस्सा, कातडी चप्पल, तांबड्या मातीतली कुस्ती आणि श्री अंबाबाईचे मंदिर. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींशी आमच्या घराचा कधीच संबंध आला नाही, आणि तिसरीशी माझा संबंध प्रेक्षकापलीकडे गेला नाही. तरीही गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलीचे सासरे, कारंजा लाडचे आमचे व्याही, दूरध्वनीवर जेव्हा म्हणाले, "यायचं तर आहे जी, पण तुमच्या कोल्हापुरात येऊन आम्ही जेवायचं काय?" तेव्हा मला हसू आले आणि थोडे लागलेही. शिक्षणासाठी शिरोळ तालुक्यातून या शहरात आलो, त्याला आता पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. बँकेची नोकरी बहुतेक येथेच झाली, घर येथेच बांधले. अशा गावाची ओळख आपल्याच माणसांपर्यंत केवळ रश्श्याच्या रंगाने पोहोचावी, हे काही मला पटले नाही. मी त्यांना आग्रहाने जानेवारीअखेरची तिकिटे काढायला लावली. या दिवसांत गुऱ्हाळे चालू असतात आणि मंदिरातला किरणोत्सवही असतो.

महाराष्ट्र एक्स्प्रेसचा लांबचा प्रवास करून दोघे छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरले. रिक्षावाल्याने पहिल्याच वाक्यात व्याह्यांना "काका, बसा की" म्हटले आणि पाचव्या मिनिटाला ते कोणत्या गावचे, मुले किती, इकडे कोणाकडे, हे सारे विचारून घेतले. विहीणबाई जरा बिचकल्या. त्यांना वाटले, हा भांडतो आहे. आमच्याकडचे प्रेम थोडे मोठ्या आवाजात असते, हे मी त्यांना समजावून सांगितले. कोल्हापूर महानगरपालिका झाले, चौकाचौकांत सिग्नल आले, तरी या शहराचा स्वभाव मोठ्या खेड्याचाच राहिला आहे. अनोळखी तरुण सहज 'भावा' होतो. "या की", "बसा की", "च्या घ्या की" यांतल्या त्या शेवटच्या 'की'मध्ये विनंती, आग्रह आणि दटावणी तिन्ही असतात, आणि त्यातले नेमके काय हे ऐकणाऱ्याने ओळखायचे असते.

वाटेत एका चौकात झेंडे लावलेल्या दुचाक्यांची मिरवणूक आडवी आली. निवडणूक नव्हती, फुटबॉल होता. हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. येथील पेठापेठांतल्या तालमी मूळच्या कुस्तीच्या. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशी त्यांची नावे आता शाहू स्टेडियमवरील फुटबॉल सामन्यांमुळे घराघरात घेतली जातात. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेले खासबाग मैदान आजही आहे, पण पेठेतल्या मुलाला विचाराल तर तो आधी कालच्या गोलाचे सांगेल.

जेवणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे काम सौभाग्यवतीने स्वतःकडे घेतले होते. कोल्हापूरचा तिखटपणा मुळात मांसाचा नव्हे, मसाल्याचा आहे. उन्हाळ्यात येथील प्रत्येक घरी वर्षाची चटणी होते. मिरच्या निवडायच्या, ऊन द्यायचे, खोबरे, तीळ, धने, खसखस भाजून घ्यायची आणि कांडप गिरणीवर जाऊन समोर उभे राहून कांडून आणायची. बहुतेकांच्या चटणीत कांदा-लसूण असतो. आमच्यासारख्या घरांची चटणी त्याविना होते, म्हणून सौभाग्यवती सकाळी गिरणी उघडण्याच्या वेळी पहिला नंबर लावते, म्हणजे आधीच्या मसाल्याचा लसूण आपल्यात मिसळत नाही. गिरणीवालाही हे इतक्या वर्षांत जाणून आहे. तो आपण होऊन यंत्र पुसून घेतो आणि म्हणतो, "वहिनी, तुमचं सोवळं झालं, आता बाकीच्यांचं."

त्या चटणीची मटकीची उसळ आणि वर लाल कट, शेजारी खोबऱ्याचे दूध, काजू आणि तिळाचा पांढरा रस्सा, जोंधळ्याची भाकरी, उडदाच्या डाळीचे घुटे, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात आणि शेवटी गूळ-तूप. सूर्यास्तापूर्वी पाने वाढली. घनसाळ शिजताना त्याचा वास शेजारच्या घरात जातो, हे मी सांगत होतो तोच शेजारच्या काकूंनी खिडकीतून "पाव्हणं आलं वाटतं" म्हणून विचारले. व्याह्यांनी कटाचा पहिला घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढले आणि ताट पुढे केले. तांबडा-पांढरा त्यांना मिळाला, तो आमच्या पद्धतीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेले. गवळी आपल्या म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि गिऱ्हाईक समोर असताना धार काढून देतात. फेसाळ, कोमट, धारोष्ण दूध पेल्यात घेऊन लोक उभ्याउभ्या पितात. पहिलवानकीच्या दिवसांची ही सवय शहराने सोडलेली नाही. आता तेथे व्यायामशाळेतली पोरे येतात, नोकरीला जाणारे येतात आणि माझ्यासारखे निवृत्तही येतात. विहीणबाईंनी दूध गाळून हवे म्हणून सांगितले. गवळ्याने स्वच्छ धुतलेले फडके काढून पेल्यावर ताणले. त्यांना वाटले होते तो चिडेल. तो उलट म्हणाला, "आज्जी बी असंच मागायच्या, रोज याच वेळेला." कोणती आजी, हे कळले नाही. पण या कट्ट्यावर कोणीतरी आजी रोज गाळलेले दूध घेत होत्या, एवढे खरे.

तेथून मोटारीने गुऱ्हाळावर गेलो. हा माझ्या आवडीचा विषय आहे, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

नोकरीतली सहा वर्षे माझी गूळबाजाराच्या शाखेत गेली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला शहरात हक्काची जागा मिळाली. पुढे बाजार समितीच्या यार्डात सौदे होऊ लागले. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघत आणि त्या दिवसापासून आमच्या शाखेचा नूर बदले. शेतकऱ्याला अडत्याकडून आधीच उचल मिळालेली असे. गूळ विकला की उचल, हमाली, तोलाई वजा होऊन त्याच्या हाती पट्टी पडे. ती पट्टी घेऊन तो आमच्या काउंटरवर येई. पट्टीवरचा शेवटचा आकडा वाचताना त्या माणसाचा चेहरा पाहावा. एम.कॉम.ला आम्ही खेळते भांडवल पुस्तकातून शिकलो होतो. त्याचा अर्थ मला त्या काउंटरवर कळला. येथला गूळ मोठ्या प्रमाणावर गुजरातेत जातो. तिकडचे व्यापारी भाव पाडून मागू लागले की इकडे करवीर तालुक्यातल्या एखाद्या घरचे लग्न पुढे जाई.

गुऱ्हाळावर पोहोचलो तेव्हा चरकातून रस गळत होता आणि काहिलीला उकळी फुटली होती. चुलवाणात वाळलेली चिपाडे टाकणारा गडी घामाने निथळत होता. उसाचेच चिपाड जाळून उसाचाच रस आटवायचा, बाहेरचे सरपण जवळजवळ लागत नाही, हा हिशेब व्याह्यांना फार आवडला. तेही व्यापारी माणूस. रसावर आलेली मळी काढण्यासाठी रानभेंडीची झाडे ठेचून त्यांचा बुळबुळीत रस घालतात. मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात. साऱ्याचा सूत्रधार गुळव्या. रस साधारण एकशे पाच अंशांवर आला की काकवी, आणि एकशे अठराच्या आसपास गूळ. गुळव्याजवळ तापमापक नसतो. तो उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी करतो आणि काहिलीच्या काठावर आपटतो. गोळीचा आवाज हवा तसा आला की तो हात वर करतो, आणि चार-पाच जण मिळून काहील उतरवतात. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर रवा बसत नाही. मग पाक वाफ्यात ओतून घोटतात आणि कापड लावलेल्या साच्यात भरतात. पूर्वी तीस किलोचा रवा हेच बाजाराचे माप होते. आता घरात माणसे कमी आणि मधुमेह जास्त, म्हणून दहा, पाच आणि एक किलोच्या ढेपाही निघतात. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले.

विहीणबाईंनी विचारले, "हा गूळ इतका काळपट कसा? आमच्याकडे तुमचाच गूळ येतो, तो तर पिवळाजर्द असतो." गुऱ्हाळमालक हसला. पिवळा रंग गिऱ्हाईकाला हवा असतो म्हणून काही ठिकाणी रसात रासायनिक पावडर मिसळतात. ती न घालता केलेला गूळ तांबूस, गडद असतो, आणि बाजारात त्यालाच भाव कमी मिळतो. "चांगलं दिसाय पायजे वो वहिनी, चांगलं असाय न्हाई," असे तो म्हणाला. मी कित्येक वर्षे गुळावर कर्जे दिली, पण दिवाळीला स्वतःच्या घरी पिवळा गूळच विकत आणत होतो. हे कबूल केलेले बरे.

तो मालक पुढे असेही म्हणाला की त्याचा मुलगा यंदा ऊस थेट कारखान्याला घालू म्हणतो. कारखान्याची मोळी बांधून झाली की काम संपले. गुऱ्हाळाला रात्रंदिवस माणसे लागतात आणि गुळव्या मिळत नाही. माझ्या लहानपणी थंडीत कोणत्याही वाटेने गेले तरी गुऱ्हाळाचा धूर दिसे, आणि पोरांना काकवीची वाटी फुकट मिळे. आता गुऱ्हाळ दाखवायला मला आधी दूरध्वनी करून चौकशी करावी लागली. निघताना मालकाने काकवीच्या दोन बाटल्या दिल्या, पैसे घेतले नाहीत. मी खिशात हात घातला तेव्हा त्याने "साहेब, आता तरी बँक बंद करा की" म्हणून मला गप्प केले.

संध्याकाळचा किरणोत्सव सूर्यास्ताच्या वेळेचा, आणि आमचे जेवण त्याच्या आधीचे. म्हणून पाच वाजता पाने घेतली आणि मंदिरात गेलो. अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी, तसेच ९, १० व ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा क्रम सांगतात. ढग, धूळ किंवा वाटेत उभी राहिलेली बांधकामे यांमुळे काही वर्षी ती अर्ध्यातच थांबतात. कित्येक शतकांपूर्वीच्या स्थपतींनी सूर्याची वाट अचूक मोजली आणि आम्हाला ती मोकळी ठेवणे जड जाते. त्या दिवशी मात्र आकाश स्वच्छ होते. फरशीवरून सरकत जाणारा तो तांबूस पट्टा पाहताना दाटीवाटीने उभे असलेले शेकडो लोक गप्प होते. मोठ्याने बोलणारे कोल्हापूर असे गप्प झालेले मी फार वेळा पाहिलेले नाही.

तिसरा दिवस शहरातच घालवला. शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन मठात दर्शन घेतले. या भागातला ११४३ सालचा शिलाहार राजा विजयादित्याचा शिलालेख पार्श्वनाथ जिनालयाला दिलेल्या दानाची नोंद करतो. शेत, फुलांची बाग आणि घर असे ते दान होते. त्या लेखात या नगराला क्षुल्लकपूर म्हटले आहे. व्याह्यांना हे नाव नवे होते.

तेथून दसरा चौकात आलो. या चौकाभोवती निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे आहेत. खेड्यातल्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून शाहू महाराजांनी जी चळवळ चालवली, तीत १९०१ मध्ये दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले. मी तेथे राहूनच पदव्युत्तर शिक्षण पुरे केले. कर्मवीर भाऊराव पाटीलही या बोर्डिंगचे विद्यार्थी. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यानंतर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, ही हकिगत त्यांच्या चरित्रात येते. आम्ही मुले ती अभिमानाने सांगत असू. ज्यांनी काढून टाकले तेही आपलेच होते, हे त्या वयात लक्षात येत नसे.

दुपारी विहीणबाई म्हणाल्या, "सगळं दाखवलंत, चपला काही दाखवल्या नाहीत." चामडे वापरत नसलो तरी पाहायला काय हरकत आहे, असे त्यांचे म्हणणे. मी दोन दिवस चप्पल लाईनीचा रस्ता टाळत होतो, हे त्यांच्या लक्षात आले असावे.

टाळण्याचे कारण जुने आहे. १९८८ च्या सुमारास मी शाखेत कर्जतपासणीचे काम पाहत असे. चार टक्के व्याजाच्या डीआरआय योजनेतून सुभाषनगरातील एका चप्पल कारागिराला आम्ही साडेसहा हजारांचे कर्ज दिले होते. तपासणीला त्याच्या घरी गेलो. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा वास घरभर होता. तो तळ कापत होता, त्याची बायको पट्ट्यांची वेणी घालत होती. चप्पल खिळ्याशिवाय, कातडी वादीनेच कशी शिवतात आणि दोन तळांमध्ये 'विंचू' नावाचे बी ठेवले की चालताना करकर आवाज कसा येतो, हे त्याने मला हौसेने दाखवले. कापशी, पुकरी, बक्कलनाली अशी एकेका प्रकाराची नावे सांगितली. तो मात्र स्वतः 'पायताण' म्हणे, चप्पल नव्हे. मग त्याच्या बायकोने चहा आणला. मी म्हणालो, "आज उपवास आहे."

उपवास नव्हता. त्याने माझ्या पायांतल्या कापडी बुटांकडे पाहिले आणि कप परत आत नेण्याची खूण केली. तो काही बोलला नाही. मी कागदावर 'मालसाठा समाधानकारक' असे लिहिले आणि निघालो. त्याचे खाते एक हप्ताही न थकता बंद झाले. त्यानंतर तो शाखेत येई, नमस्कार करी, पण मला पुन्हा कधी घरी बोलावले नाही.

मी कातडी वस्तू वापरत नाही, त्यामागची श्रद्धा माझी आहे आणि ती मला आजही सोडायची नाही. पण त्या दिवशी कपात कातडे नव्हते, चहा होता. याच शहरात, शंभर वर्षांपूर्वी, शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलपुढे गाडी थांबवून चहा मागवीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. ही गोष्ट मी बँकेच्या शाहू जयंतीच्या भाषणात कमीत कमी पाच वेळा सांगितली असेल.

आम्ही चौघे चप्पल लाईनीत गेलो. एका दुकानात बसलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाकडे पाहून मला ओळख लागल्यासारखे वाटले. वडिलांचे नाव विचारले, तर तोच तो मुलगा. त्या दिवशी कोपऱ्यात बसून वादी ओढत होता. वडील सात वर्षांपूर्वी गेले. धंद्याचे त्याने मोकळेपणाने सांगितले. २०१९ मध्ये मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडचे मिळून आठ जिल्हे त्यात आहेत. पण रेक्झिनच्या नकली चपला त्याच नावाने शेजारीच विकल्या जातात. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीच्या प्रदर्शनात आमच्याच घाटाच्या चपला झळकल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही नव्हते. पुढे बोभाटा झाला तेव्हा कंपनीला ते मान्य करावे लागले. "तेवढ्या चार महिन्यांत बघायला लई माणसं आली," तो म्हणाला, "घ्यायला थोडी."

व्याह्यांनी विचारले, "तुमचा मुलगा करतो का हे?" तो म्हणाला, पुण्याला कंपनीत आहे. गुऱ्हाळमालकाच्या मुलाची आठवण आम्हा दोघांनाही एकदमच झाली.

बोलता बोलता त्याने समोरच्या टपरीवर खूण केली. चार चहा आले. मी काहीतरी सांगणार, एवढ्यात तो म्हणाला, "साहेब, वडील सांगायचे, एक साहेब लई सरळ होते, एक पैसा घेतला न्हाई, च्या बी घेतला न्हाई." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. वडिलांनी ती गोष्ट मुलाला माझे कौतुक म्हणून सांगितली होती, की दुसरे काही मनात ठेवून, ते विचारायला आता कोणी उरलेले नाही.

मी चहा घेतला. गुळाचा होता, जरा जास्तच गोड. विहीणबाईंनी दुसरा कप मागितला. आम्ही काही विकत घेतले नाही, आणि त्यानेही आग्रह केला नाही. निघताना मी त्याला घरी जेवायला यायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "येतो की."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने पाहुणे परत गेले. सामानात गडद गुळाची पाच किलोची ढेप, काकवीच्या बाटल्या आणि बिनलसणाची चटणी होती. स्टेशनवर व्याही म्हणाले, पुढच्या खेपेला पन्हाळा आणि बाहुबली राहिले आहेत. चप्पल लाईनीतल्या त्या गृहस्थाने पुढच्या रविवारी यायचे कबूल केले आहे. सौभाग्यवतीने मला विचारले, "त्यांना आपलं जेवण चालेल ना?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदाच या बाजूने विचारला गेला. मी तिला घनसाळ भिजत घालायला सांगितले आहे.